एकच ठोका आठ वेळा

मीमांसकांचा एक जुना युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना पोरकट वाटतो. एखाद्याने ‘गो’ हा शब्द आठदा उच्चारला, तर लोक म्हणतात, त्याने ‘गो’ शब्द आठ वेळा उच्चारला. त्याने आठ ‘गो’ शब्द उच्चारले, असं कुणी म्हणत नाही. जैमिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात शबरस्वामींनी हा दाखला दिला तो शब्द नित्य आहे हे ठसवण्यासाठी. उच्चार येतो आणि विरतो. शब्द आधीही असतो, नंतरही असतो, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते शब्द दर वेळी नव्याने उत्पन्न होतो आणि लगेच नष्ट होतो. मग ‘हा तोच शब्द’ असं का वाटतं? दोन्ही एकाच जातीचे असतात म्हणून. त्यांनी दाखला दिला औषधाचा. शेजाऱ्याने घेतलं तेच औषध मीही घेतलं, असं माणूस सहज म्हणतो. पण शेजाऱ्याच्या पोटात गेलेली मात्रा काही त्याच्या पोटात जात नाही.

वाद किरकोळ नव्हता. शब्द कुणीतरी घडवलेला असेल, तर घडवणाऱ्याचे दोष त्यात उतरणार आणि वेदाच्या प्रामाण्याला धक्का बसणार. म्हणून मीमांसकांना कर्ता नसलेला, अपौरुषेय शब्द हवा होता. (स्फोटवादी वैयाकरणांना इथे मुद्दाम बोलावलेलं नाही. ते आले की बैठक लांबते.)

हिपहॉपची बीट बनवणाऱ्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो, फक्त तो संस्कृतात विचारलेला नसतो. त्याने लॅपटॉपवर दोन आवर्तनांत आठ किक मांडल्या. आता एक ठोका आठदा वाजला, की आठ ठोके वाजले? सॉफ्टवेअर निवडताना या प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण बाजारात मिळणारी आभासी वाद्यं मुळात दोन घराण्यांची आहेत. सॅम्पलर आधी मुद्रित केलेला आवाज साठवून ठेवतो आणि कळ दाबली की तोच बाहेर काढतो. शुद्ध सिंथेसायझर असं मुद्रण साठवत नाही; ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप यांच्या हिशेबातून प्रत्येक कळीला आवाज नव्याने घडवतो. सॅम्पलर मीमांसक आहे, सिंथ नैयायिक. शबरस्वामींना ड्रमच्या ठोक्याबद्दल विचारलं असतं, तर हा निव्वळ ध्वनी, शब्द नव्हे, असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला असता हे खरं. पण बीटवाल्याच्या जगात ठोक्याला नाव असतं, कूळ असतं आणि ऐकणारा तो ओळखतो. शब्दाकडून यापेक्षा फार वेगळं काही अपेक्षित नसतं.

ड्रमयंत्रांच्या बाजारात ही दोन घराणी एकाच वर्षी समोरासमोर आली. १९८० साली रॉजर लिन यांचं एलएम-१ हे यंत्र आलं. त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते आणि किंमत जवळपास ५,००० डॉलर. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ आणलं, १,१९५ डॉलरला. मुद्रित आवाज साठवण्याची मेमरी तेव्हा भलतीच महाग होती, त्यामुळे ८०८ मध्ये सगळे आवाज सर्किटमधूनच निर्माण होत. किकसाठी एक सर्किट विजेच्या धक्क्याने घंटेसारखं घुमवलं जाई; झांजेच्या आवाजासाठी सहा चौकोनी लहरींचे ऑसिलेटर एकमेकांत मिसळले होते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते खऱ्या ड्रमसारखं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितलं, की ८०८ च्या त्या खास खरखरीसाठी त्यांनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. सेमीकंडक्टरचा दर्जा सुधारला, सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर सुमारे १२,००० यंत्रं तयार झाली होती. ती जुन्या बाजारात स्वस्तात येऊ लागली आणि ज्यांना ड्रमर परवडत नव्हता त्यांच्या हाती पडली. १९८२ सालचं ‘प्लॅनेट रॉक’ हे गाणं, ज्याने हिपहॉपला विजेच्या तालावर नेलं, त्याच्या निर्मात्यांकडे स्वतःचं ८०८ नव्हतं. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकातली जाहिरात पाहून त्यांनी यंत्रासकट एक माणूसच भाड्याने आणला. एका बैठकीचे २० डॉलर.

त्याच १९८२ साली तेच यंत्र मुंबईत वाजत होतं. हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले संगीतवेडे चक्रावले, कारण शिकागोत नंतर जन्मलेल्या ॲसिड हाउसशी तिचं साम्य थक्क करणारं होतं. राग मानणाऱ्या श्रोत्याला ‘तोच’ आणि ‘नवा’ यांची सांगड सवयीची असते. यमन गाणारे असंख्य, गाऊन झाला की विरणारा प्रत्येक यमन वेगळा, तरी ‘आज काय गायले?’ याचं उत्तर ‘यमन’ एवढंच. चरणजित सिंगांच्या रेकॉर्डवर राग असा दर वेळी नव्याने घडतो आणि त्याच्याखाली तोच ठेका, तसाच, शेवटपर्यंत.

आता खरेदीकडे वळायचं. ८०८ ची नक्कल करणारी प्लगिन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची आभासी वाद्यं, उदंड आहेत, आणि जवळपास प्रत्येकाची जाहिरात एकच वचन देते: आमचा आवाज मूळ यंत्राशी हुबेहूब. प्रोपेलरहेड कंपनीच्या ‘रिबर्थ’ने १९९७ मध्येच ८०८ कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणलं होतं. खुद्द रोलँडने २०१८ मध्ये स्वतःच्या जुन्या यंत्राची सॉफ्टवेअर आवृत्ती काढली, सर्किटमधल्या एकेका भागाचं वर्तन गणितात उतरवून. प्लेटोला हे बघून मौज वाटली असती. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात तो तीन पलंग मांडतो: पलंगाचं सत्स्वरूप, सुताराने केलेला पलंग आणि चित्रकाराने रंगवलेला. चित्रकार सत्यापासून सर्वात दूर, म्हणून कमअस्सल. इथे तर उतरंड आणखी लांब आहे. ड्रम, ड्रमची नक्कल करणारं ८०८, ८०८ ची नक्कल करणारं प्लगिन आणि त्या प्लगिनमधून मुद्रित केलेलं सॅम्पल. प्लेटोच्या हिशेबाने शेवटची पायरी म्हणजे निव्वळ कचरा. पण झालं उलटं. ड्रमची नक्कल म्हणून नापास झालेली पायरी स्वतःच मूळ ठरली, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्या तोंडाकडे पाहत उभ्या आहेत.

शिवाय हे ‘मूळ’ तरी एक कुठे आहे? सर्किटमधल्या रोधकांना आणि कपॅसिटरना थोडाफार फरक माफ असतो. कारखान्यातून निघालेली दोन ८०८ त्या दिवशीही तंतोतंत एकसारखी नव्हती. चार दशकांत कपॅसिटर वेगवेगळ्या गतीने म्हातारे झाले. शिवाय किकचं घुमणं संपायच्या आत दुसरा ठोका पडला, तर उरलेली लहर नव्या लहरीत मिसळते, म्हणजे एकाच यंत्राचे लागोपाठचे दोन ठोकेही जुळे नसतात. ‘मुळाशी हुबेहूब’ या निकषावर प्लगिन निवडणारा माणूस नेमक्या कुठल्या यंत्राच्या, कुठल्या वर्षीच्या, कितव्या ठोक्याशी तुलना करतो? हा निकष टाकून द्यावा. तो विक्रेत्यांच्या सोयीचा आहे, बीटवाल्याच्या नव्हे.

खरा निकष नित्य-अनित्याचा आहे, आणि तो बोटांना जाणवतो. ट्रॅप या हिपहॉपच्या शैलीत ८०८ ची किक लांबवून तिलाच बेसची सुरावट करतात. साध्या सॅम्पलरमध्ये एकच मुद्रित आवाज सगळ्या कळांवर पसरला, की वरच्या सुरांत तो जलद वाजतो आणि म्हणून आखूड होतो. खालच्या सुरांत लांबट आणि सुस्त. सिंथमध्ये एकच साइन लहर, सुरुवातीला सूर झटकन खाली आणणारा एन्व्हलप आणि ठरवून दिलेला क्षय, एवढी सामग्री पुरते. सूर कुठलाही घ्या, लांबी तीच राहते. सुरावट फिरती असेल तर सिंथ, एकाच सुरावर ठाण मांडायचं असेल तर सॅम्पल. इतका ठोकळेबाज सल्लाही बऱ्याच वेळा पुरतो. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर ऐकूच येत नाही, म्हणून दोन्हीवर थोडं सॅच्युरेशन चढवून वरचे स्वरांश जागे करावे लागतात. या बाबतीत दर्शनभेद नाही.

सर्वात गमतीची जागा आहे फेजची. सिंथमधली लहर कळ दाबल्यावर नेमक्या कुठल्या बिंदूपासून सुरू होते? स्टीव्ह ड्यूडा यांच्या ‘सीरम’ या २०१४ सालच्या सिंथमध्ये यासाठी दोन नॉब आहेत. एक फेज ठरवतो, दुसरा त्यात यदृच्छा घालतो, आणि नव्या आवाजात हा दुसरा मुळात पूर्ण उघडा असतो. म्हणजे प्रत्येक ठोक्याची सुरुवात निराळी, कधी टणक, कधी बोथट. बेस आणि किक बनवणारे तो पहिल्यांदा शून्यावर आणतात. त्या क्षणी नैयायिक यंत्र मीमांसकासारखं वागू लागतं: घडवतं दर वेळी नव्याने, पण घडतं दर वेळी तेच. सॅम्पलरवाल्यांनी उलट दिशेचा प्रवास केला आहे. यंत्रवत वाटू नये म्हणून ते एकाच ठोक्याची पाच-सहा मुद्रणं साठवतात आणि आळीपाळीने वाजवतात. या युक्तीला राउंड रॉबिन म्हणतात. ऊ-हे कंपनीच्या ‘दिवा’सारखे सिंथ तर जुन्या यंत्रांतला सूर सरकण्याचा दोष मुद्दाम गणितात घालतात. जो दोष इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं काढला तोच आता पैसे देऊन परत आणला जातो, हे जरा जास्तच झालं असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. पदरचे पैसे न मोजता हे सगळं करून पाहायचं असेल तर मॅट टायटेल यांच्या ‘व्हायटल’ची मोफत आवृत्ती आहे, फेज आणि यदृच्छा तिथेही हाताशी आहेत.

वेगळेपण आवाजातच असायला हवं असंही नाही. डेट्रॉइटच्या जे डिलाने सॅम्पलरवर काम केलं, ठोके तेच ठेवले, पण त्यांना ग्रिडला चिकटवलं नाही. ते किंचित मागेपुढे पडत राहिले. त्याचं एमपीसी-३००० हे यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास-संस्कृती संग्रहालयात ठेवलं आहे. ठोका तोच, पडण्याचा क्षण दर वेळी निराळा.

सॅम्पलवाल्यांचं सोवळं हा एक स्वतंत्र अध्याय होऊ शकतो. जोसेफ श्लॉस यांनी २००४ सालच्या ‘मेकिंग बीट्स’ या अभ्यासात त्याची नोंद केली आहे. सॅम्पल जुन्या तबकडीवरूनच घ्यायचं; संकलनांतून किंवा पुनर्मुद्रित रेकॉर्डवरून घेणं निषिद्ध; दुसऱ्या हिपहॉप गाण्यातून घेणं निषिद्ध; दुसऱ्याने वापरलेलं तसंच उचलणं तर महापातक. धुळीने भरलेल्या पेट्या उपसण्याला त्यात तपाचा दर्जा आहे. हे कर्मकांड आहे, आणि मीमांसा हे मुळात कर्मकांडाचंच शास्त्र. आवाज नित्य मानला, की तो घडवण्यात श्रेय उरत नाही. श्रेय उरतं तो विधिपूर्वक मिळवण्यात. ई-म्यूच्या १९८७ सालच्या एसपी-१२०० मध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा, म्हणून लोक ३३ च्या तबकड्या ४५ च्या वेगाने वाजवून भरत आणि आत गेल्यावर सूर खाली उतरवत. त्यातून आलेला खरबरीतपणा पुढे शैली म्हणून पूजला गेला. आज तोच खरबरीतपणा देणारी प्लगिन मिळतात.

या सोवळ्याला तडा गेला तो न्यायालयात. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याचं प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायाधीश केव्हिन डफी यांच्यापुढे आलं. त्यांनी निकालाची सुरुवातच केली बायबलमधल्या, चोरी मना करणाऱ्या आज्ञेने. बिझ मार्कीने १९९३ सालच्या पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!’. विनोद झाला, पण धंद्याला धडकी भरायची ती भरली, आणि परवान्यांचे भाव चढले.

धर्माज्ञेने सुरू झालेला कायदा तपशिलात मात्र पक्का नैयायिक निघाला. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम ११४ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क त्या विशिष्ट मुद्रणापुरता असतो. दुसऱ्याने स्वतंत्रपणे, नव्याने, कितीही हुबेहूब तसाच आवाज मुद्रित केला तरी त्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे व्यक्ती कुणाच्या मालकीची, जाती सर्वांची. (रचनेचा, म्हणजे सुरावटीचा हक्क वेगळा, ती वाजवायची तर रचनाकाराची परवानगी लागतेच.) निर्मात्यांनी ही फट ओळखली. १९९२ च्या ‘द क्रॉनिक’साठी डॉ. ड्रेने जुन्या फंकमधले अनेक भाग वादकांकडून नव्याने वाजवून घेतले, आणि मिनीमूगच्या पातळ, शिट्टीसारख्या सुराने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं हिपहॉप ओळखलं जाऊ लागलं. सिंथेसायझर बीटच्या केंद्रस्थानी येण्यामागे रुचीइतकाच वकिलांचाही हात आहे. पुढे २००५ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यालाही परवाना हवा असं ठरवलं, तर २०१६ मध्ये नवव्या सर्किटने मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या ०.२३ सेकंदांच्या तुकड्यासाठी ते मानायला नकार दिला. व्यक्ती किती लहान झाली की ती व्यक्ती राहत नाही, यावर दोन न्यायालयांचं अजून जमलेलं नाही.

आणि कर्ता? ‘८०८’ हा शब्द आता कुठल्याही लांब घुमणाऱ्या बेसला लावला जातो. रोलँडचे इंजिनिअर तादाओ किकुमोतो यांचं नाव बीटवाल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आवाज अपौरुषेय झाला. प्रीसेटचंही तेच. १९८५ मध्ये जमैकाचं डान्सहॉल बदलून टाकणारं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ‘रॉक’ ठेक्यावर उभं आहे. तो ठेका हिरोको ओकुदा या तरुण कर्मचारी संगीतज्ञेने बसवला होता, आणि तिने महाविद्यालयात प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. कर्ता नसलेल्या वाटणाऱ्या आवाजामागे इतका नेमका माणूस निघतो. म्हणून प्रीसेट वापरणाऱ्याला आळशी म्हणून हिणवणं जितकं उथळ, तितकंच प्रीसेट आकाशातून पडला असं समजणंही. सोल्जा बॉयने ‘क्रँक दॅट’ एफएल स्टुडिओतल्या तयार आवाजांवर बनवलं आणि २००७ मध्ये ते सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. मुंबईत कुर्ल्याच्या नेझीने २०१४ चं ‘आफत’ इंटरनेटवरून घेतलेल्या बीटवर, आयपॅडवर मुद्रित केलं. त्याला सिंथ निवडायची चैनच नव्हती, आणि गाण्याचं त्यामुळे काही अडलं नाही.

ज्यांना निवडायची चैन आहे त्यांनी दोन्ही घराणी एकत्र नांदवायची जुनी रीत पाहावी. १९८७ मध्ये रोलँडने डी-५० हे सिंथ-यंत्र काढलं. मेमरी तेव्हाही महागच होती, म्हणून त्यात खऱ्या वाद्यांच्या आवाजाचा फक्त सुरुवातीचा झटका मुद्रित करून ठेवला आणि पुढचा लांब सूर सिंथेसिसने घडवला. हिशेब असा होता, की कान वाद्य ओळखतो ते त्या पहिल्या क्षणांतच; पुढचं त्याच नावाखाली खपून जातं. मीमांसकांनी आपला सगळा डोलारा ज्या प्रत्यभिज्ञेवर, ‘हा तोच’ या ओळखीवर उभारला, ती इथे आवाजाच्या पहिल्या टोकावर येऊन बसली. डी-५० साठी आवाज घडवणाऱ्यांत एरिक पर्सिंग होते. त्यांच्याच स्पेक्ट्रासॉनिक्सचं ‘ऑम्निस्फिअर’ २००८ पासून हिपहॉपच्या स्टुडिओंत घर करून आहे आणि त्यात मुद्रित आवाज व घडवलेल्या लहरी एकाच पॅचमध्ये मिसळता येतात. किकच्या बाबतीतही बरेच निर्माते तेच करतात: वर सॅम्पलमधला टणक ‘टक्’, खाली सिंथमधली साइन लहर. एवढंच पाहावं लागतं, की दोन्हींच्या लहरी सुरुवातीला एकाच दिशेने उठतात. एक वर आणि एक खाली गेली तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. मग एका थरावर फेज उलटायचं बटण दाबायचं आणि पुन्हा ऐकायचं.